गाय गाभडली आणि आता नानांचा ताप उतरत नाहीये, जनावरांची ती नॅनो पट्टी माणसाला चालते का?

सिन्नरचा गोठा:

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. सिन्नर तालुक्यात आमचा ६ एचएफ (होल्स्टीन जातीच्या) गायींचा गोठा आहे. पोळ्याच्या आधी एक गाय सातव्या महिन्यात गाभडली. वार पडेना, रात्रीचे ११ वाजलेले, डॉक्टरांचा फोन लागेना, मग नानांनी म्हणजे वडलांनी उघड्या हातानंच वार ओढून काढली. आदल्या दिवशी घास कापताना त्यांच्या बोटाला विळा लागलेला होता, वर चिंधी बांधलेली, ती ओली झाली म्हणून ती पण सोडून टाकली.

साधारण ३ आठवड्यांनी ताप सुरू झाला. सकाळी माणूस एकदम ठणठणीत, चहा पिऊन धारा काढणार, आणि दिवस मावळला की शिरशिरी भरते, रात्री इतका घाम की गोधडी पिळून काढावी. कंबर धरलीय, खाली बसलं की उठवत नाही. गावातल्या डॉक्टरांनी विडाल केली, टायफॉइड थोडा पॉझिटिव्ह आला म्हणाले, १० दिवसांचा कोर्स. ४ दिवस बरं वाटलं, परत तेच. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, परत विडाल, परत टायफॉइड. आता दीड महिना झालाय आणि नाना ७ किलोनं उतरलेत.

मधे पशुवैद्यक दुसऱ्या गाईसाठी आले होते, त्यांना गाभडल्याचं सांगितलं तर त्यांनी त्या गाईचं रक्त घेऊन पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीवर थेंब टाकले, कोविडच्या किटसारखीच पट्टी. १५ मिनिटांत दोन लाल रेषा आल्या. म्हणाले ब्रुसेला दिसतोय, गाई गाभडवणारा हा जंतू माणसालाही लागतो. त्या पट्टीत सोन्याचे अगदी बारीक कण असतात, नॅनो का काय, असंही सांगितलं.

माझा प्रश्न हा की नानांच्या बोटातला थेंब त्याच पट्टीवर टाकला तर चालेल का? तसली पट्टी मागवता येते, काही शे रुपयांना मिळते. चुलतभाऊ म्हणतो आता जनावरापासून होणारे सगळेच रोग १० मिनिटांत कळणारे नॅनो किट आलेत, दवाखान्यात पैसे घालू नका. खरंय का हे? कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा, घरात सगळ्यांच्या जिवाला घोर लागलाय.

निफाडचा गुरांचा डॉक्टर:

भाऊ, नानांचं रक्त त्या पट्टीवर टाकू नका. कारण सांगतो म्हणजे चुलतभावालाही समजावता येईल.

पट्टीवर जिथं टी लिहिलंय तिथं ब्रुसेला जंतूच्या कवचाचा अंश आधीच चिकटवलेला असतो. जनावराच्या रक्तात त्या जंतूविरुद्धच्या अँटीबॉडी असल्या की त्या तिथं अडकतात आणि मागून येणारे सोन्याचे कण त्या अँटीबॉडींना धरून त्याच जागी गोळा होतात, म्हणून लाल रेष. पण सोन्याच्या कणांवर जे प्रोटीन बसवलेलं असतं ते काही किटांमध्ये फक्त गाई-म्हशीची अँटीबॉडी ओळखतं. तिथं माणसाचं रक्त टाकलं तर सी ची रेष, जी पट्टी चालतेय एवढंच दाखवते, ती व्यवस्थित येईल, टी ची येणारच नाही, आणि तुम्ही म्हणाल निगेटिव्ह आली, सुटलो. ती चूक फार महागात पडेल. काही किटांमधलं प्रोटीन माणसाच्या अँटीबॉडीला पण चिकटतं, पण त्या किटची माणसावर तपासणी झालेली नसते त्यामुळे आलेल्या रेषेवरही विसंबता येत नाही. माणसांसाठी वेगळ्या टेस्ट आहेत, त्या डॉक्टरांमार्फत करा.

आणि मुख्य गोष्ट, तुम्ही त्या दोन्ही डॉक्टरांना गाय गाभडल्याचं सांगितलं होतं का? संध्याकाळी चढणारा ताप, रात्रीचा घाम, कंबर, आणि उघड्या हातानं काढलेली वार, हे चारही एकत्र ऐकलं असतं तर बहुतेक डॉक्टरांच्या डोक्यात ब्रुसेला आला असता. नुसता ताप म्हटलं की आपल्याकडे आधी टायफॉइडच आठवतो. उद्याच्या उद्या नानांना नाशिकला फिजिशियनकडे न्या आणि पहिलं वाक्य गाईचं बोला.

आता गाईबद्दल. ती कालवड असताना ४ ते ८ महिन्यांच्या वयात तिला ब्रुसेलाची लस दिली होती का? २०१९ पासून केंद्राच्या योजनेत त्या वयाच्या मादी वासरांना एकदा ती लस देतात. लस जिवंत जंतूची असते, एस-१९, त्यामुळे लस दिलेल्या जनावरात त्याच अँटीबॉडी तयार होतात आणि पट्टीला लस कुठली आणि रोग कुठला हा फरक कळत नाही. लहानपणी दिलेल्या लसीच्या अँटीबॉडी बहुतेक जनावरांत पुढं उतरतात, पण सगळ्यांत नाही. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा १२ आकडी नंबर द्या तुमच्या दवाखान्यात, नोंद झाली असेल तर सापडेल. गाय बाहेरून विकत घेतलेली असेल तर जुन्या मालकाला विचारा. खात्रीसाठी सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतं, तालुक्याच्या दवाखान्यातून जातं.

तोवर ती गाय वेगळी बांधा, तिचा गव्हाणीतला उरलेला चारा दुसऱ्यांना टाकू नका, आणि पुढच्या वेळी वार हातमोज्याशिवाय कोणीही काढायची नाही. गाभडलेलं वासरू आणि वार कुत्र्यांपुढं टाकायची नाही, खोल खड्डा, वर चुना.

सिन्नरचा गोठा:

डॉक्टर खूप खूप आभार. नाही हो, गाईचं सांगितलंच नव्हतं. कोणी विचारलं नाही आणि आमच्याही डोक्यात आलं नाही की ह्याचा त्याच्याशी काही संबंध असेल. गाय ३ वर्षांपूर्वी बाजारातून घेतलेली आहे, लसीचं काही माहीत नाही. आणि वार आम्ही उकिरड्यावरच टाकली होती.

लॅबवाली, गंगापूर रोड:

दादा, मी १४ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, माणसांच्या तपासणीचं मी सांगते.

ब्रुसेलासाठी आधी 'रोज बेंगाल' नावाची टेस्ट करतात. गुलाबी रंगाचं अँटिजेन असतं, म्हणजे रंगवलेले मेलेले ब्रुसेला जंतू, त्याचा थेंब आणि सिरमचा थेंब पांढऱ्या टाइलवर एकत्र करून ४ मिनिटं हलवायचं, गुठळ्या दिसल्या तर पॉझिटिव्ह. स्वस्त आहे, जुनी आहे आणि अजूनही चांगली आहे. मग ट्यूब टेस्ट, त्यात सिरम दुप्पट दुप्पट पातळ करत जातात, १:१६० किंवा त्याच्या पुढं गुठळ्या आल्या आणि लक्षणं जुळली तर डॉक्टर गांभीर्यानं घेतात. ह्यात एक गंमत नव्हे तर धोका आहे, अँटीबॉडी खूप जास्त असतील तर पहिल्या ट्यूबांमध्ये गुठळ्या होतच नाहीत आणि टेस्ट निगेटिव्ह वाटते, म्हणून पुढपर्यंत पातळ करून बघावंच लागतं. झटपट पट्टीच्या टेस्टनाही अँटीबॉडी अति झाल्या की असंच काहीसं होऊ शकतं, रेष फिकट पडते. एलायझा नावाची अँटीबॉडी मोजणारी टेस्ट पण आहे. गल्लीतल्या प्रत्येक लॅबमध्ये हे होत नाही, मेडिकल कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजीत किंवा मोठ्या लॅबमधून होतं.

आता जे मी कळकळीनं सांगतेय ते लक्षात ठेवा. डॉक्टरांनी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघायची तपासणी, सांगितलं तर फॉर्मवर ठळक लिहायला सांगा, "ब्रुसेलाचा संशय, गोठ्यात काम". हा जंतू लॅबमध्ये प्लेटवर वाढल्यावर हवेतून सुद्धा काम करणाऱ्याला लागतो. आमच्याकडे एकदा अशीच एक बाटली आली होती, फॉर्मवर नुसतं "ताप" लिहिलेलं. पाचव्या दिवशी मशिननं वाढ दाखवली, आम्ही उघड्या टेबलावर प्लेट हाताळल्या, आणि नाव कळलं तेव्हा आम्हा चौघांना किती दिवस स्वतःची रक्त तपासणी करत बसावं लागलं. एका ओळीनं हे टळलं असतं.

विडालबद्दल पण बोलते. विडाल जुन्या टायफॉइडनं, लसीनं, दुसऱ्या तापानंसुद्धा थोडी पॉझिटिव्ह येते. एकट्या विडालवर दोनदा टायफॉइडचा कोर्स देणं मला पटत नाही.

नॅनोवाली पंचवटी:

मी नॅनोमटेरियलमध्ये एमएस्सी केलंय आणि प्रोजेक्टला सोन्याचेच कण होते त्यामुळे राहवत नाहीये, चुलतभावाच्या प्रश्नाचं उत्तर मी देते.

सोन्याचं क्षार पाण्यात विरघळवलं की फिकट पिवळं पाणी होतं. ते उकळत ठेवायचं आणि उकळी फुटली की सोडियम सायट्रेट टाकायचं. आधी पिवळेपणा जातो, पाणी जवळजवळ बिनरंगी होतं, मग एकदम काळपट निळसर झाक येते आणि तुम्ही बघता बघता ते डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं. मी हे कमीत कमी ४० वेळा केलं असेल आणि तो लाल होण्याचा क्षण आला की दरवेळी मी हातातलं काम सोडून बघत बसायची. त्या कणांमधले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र हेलकावतात आणि साधारण ५२० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश शोषून घेतात, म्हणून आपल्याला लाल दिसतं. पट्टीतले कण साधारण ४० नॅनोमीटरचे धरा, म्हणजे केसाच्या जाडीत २००० कण ओळीनं बसतील. फॅरेडेनं असलं लाल सोनं १८५७ मध्येच करून दाखवलं होतं, त्यामुळे नॅनो म्हणजे कालपरवाचं काही असं नाही. घरी प्रेग्नन्सी टेस्ट करतो त्या पट्टीतही बहुतेक वेळा हेच लाल सोनं असतं.

आणि ह्याच लाल पाण्यात मिठाच्या पाण्याचे दोन थेंब टाका, कण एकमेकांना चिकटतात आणि अख्खी बाटली जांभळी होते. म्हणजे कण किती नाजूक असतात बघा. किट बनवणाऱ्याचं निम्मं कौशल्य कणांवर अँटीबॉडी किंवा प्रोटीन नीट बसवण्यात आणि ते वाळवून टिकवण्यात असतं. म्हणून पाकिटावर तापमान लिहिलेलं असतं ना, ३० अंशांच्या वर ठेवू नका वगैरे, ते खरोखर पाळायचं असतं. एप्रिलमध्ये सिन्नरच्या रस्त्यावर गाडीच्या डिकीत दुपारभर पडलेली पट्टी मी तरी वापरणार नाही. पाकीट फोडून ठेवलेली पण नाही, दमट हवेनं ती खराब होते. आणि १५ मिनिटांनी बघायची म्हणजे १५ मिनिटांनीच, तासाभरानं वाळल्यावर उमटलेली पुसट रेष मोजायची नाही.

ऑनलाइन जे येतं की "नॅनोसेन्सरनं ब्रुसेला काही मिनिटांत दुधातून", त्यातलं बरंचसं लॅबमधलं असतं. ग्राफिनचे सेन्सर आहेत, चुंबकीय कण आहेत जे दुधातले जंतू ओढून एका जागी गोळा करतात, क्वांटम डॉट आहेत जे अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात चमकतात, ह्या डॉटवर तर २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हे सगळं खरं आहे आणि मला त्याच्याबद्दल मनापासून आशा आहे. पण बरेचदा स्वच्छ द्रावणात मोजून मापून जंतू टाकलेले असतात आणि ते ओळखलेले असतात. गोठ्यातल्या दुधात फॅट असतं, शेणाचा कण असतो, स्तनदाह असेल तर पू असतो. फॅटनं पट्टीची बारीक छिद्रं तुंबतात, थेंब पुढं सरकतच नाही. माझा स्वतःचा प्रोजेक्ट पाण्यात उत्तम चालला आणि म्हशीच्या दुधात बंद पडला. पेपर आणि पाकीट ह्यांच्यामधे हे सगळं अंतर कोणीतरी चालून जावं लागतं.

सगळे रोग एका किटमध्ये असं काही नसतं. प्रत्येक रोगासाठी वेगळी अँटीबॉडी किंवा अँटिजेन बसवावं लागतं.

घोटीचा भातवाला:

नॅनोवाली ताईंनी छान सांगितलं. माझा अनुभव लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मुतानं घाण झालेल्या पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाचा. दोन पावसाळ्यांपूर्वी आवणीच्या वेळी चिखलात दिवसभर, पायाला जखम, ताप आला. दुसऱ्याच दिवशी किट केलं, निगेटिव्ह. नशिबानं डॉक्टर म्हणाले की मला किटशी देणंघेणं नाही, तू शेतात होतास ना, आणि गोळ्या चालू केल्या. आठव्या दिवशी परत केलं तर पॉझिटिव्ह. अँटीबॉडी तयार व्हायलाच ५ ते ७ दिवस लागतात म्हणे, त्याच्या आधी ती पट्टी काय दाखवणार. तापाचा कितवा दिवस आहे हे किट करणाऱ्याला सांगा एवढंच.

सातपूर ३३:

मग कुत्रं चावल्यावर पण असं किट आहे का रेबीजचं? आमच्या कॉलनीत फार झालीत, गेल्या आठवड्यात एका मुलाला चावलं.

निफाडचा गुरांचा डॉक्टर:

सातपूरवाले दादा, ह्याचं उत्तर अगदी स्पष्ट देतो. चावलेल्या माणसाला रेबीज होणार की नाही हे सांगणारी कुठलीच टेस्ट नाही, नॅनो नाही आणि साधी पण नाही. कुत्र्याची खात्रीची तपासणी ते मेल्यावर मेंदूच्या तुकड्यावर होते. लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून चावलं की १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम धुवायची आणि त्याच दिवशी लस, रक्त आलं असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन. त्या मुलाला अजून नेलं नसेल तर आत्ता न्या. उशीर झाला म्हणून जायचं नाही असं करू नका.

येवल्याची ताई:

मला २०१७ मध्ये ब्रुसेला झाला होता, शेळ्या होत्या आमच्या. सिन्नरच्या भाऊंना दोन गोष्टी सांगते. गोळ्या ६ आठवडे असतात, २ प्रकारच्या एकत्र. ३ आठवड्यांत मला एकदम बरं वाटलं म्हणून मी सोडल्या आणि दीड महिन्यानं सगळं परत, ह्यावेळी डावी कंबर आणि खुबा इतका दुखायचा की कूस बदलता यायची नाही. परत पहिल्यापासून कोर्स. दुसरं म्हणजे बरं झाल्यावर परत परत टेस्ट करून बघू नका, माझी वर्षभर पॉझिटिव्ह येत होती आणि दरवेळी घरात रडारड. डॉक्टर म्हणाले रक्तात अँटीबॉडी उरतात, ताप आणि वजन बघा.

लॅबवाली, गंगापूर रोड:

येवल्याच्या ताई बरोबर बोलतायत. आणि दादा, गोळ्या सुरू करायच्या आधी डॉक्टरांना टीबीचं पण बघायला सांगा, एक्स-रे, थुंकी. रात्रीचा घाम, वजन उतरणं, पाठीचा मणका दुखणं हे टीबीत पण असतं, आणि ब्रुसेलाला जी औषधं देतात त्यातलं रिफाम्पिसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिन टीबीचंही औषध आहे. टीबी असताना ते अर्धवट दिलं गेलं तर टीबीचे जंतू औषधाला निबर होऊ शकतात.

सातपूर ३३:

मुलाला त्याच दिवशी लस दिलीय, पुढचे डोस चालू आहेत, विचारून खात्री केली. धन्यवाद डॉक्टर. अजून एक, पट्टी एवढी स्वस्त असेल तर गावातल्या सगळ्या गाईंची आणि सगळ्या माणसांची एकदम करून टाकली तर? एकदाचं कळून जाईल.

निफाडचा गुरांचा डॉक्टर:

विचार चांगला आहे पण आकडा मांडून बघू. समजा १००० गाई आहेत आणि त्यातल्या १० ना खरा रोग आहे. पट्टी निरोगी १०० मधल्या ९५ ना बरोबर निगेटिव्ह सांगते असं धरा, म्हणजे चांगलीच पट्टी झाली. तरी उरलेल्या ९९० निरोगी गाईंपैकी जवळजवळ ५० ना दोन रेषा येणार. खऱ्या १०, खोट्या ५०, आणि गावात ६० घरांत रडणं. त्यातल्या कितीतरी गाई मालक घाबरून पुढच्या बाजारात विकणार, आणि ज्या १० खऱ्या आहेत त्या दुसऱ्या तालुक्यातल्या दावणीला जाणार. म्हणून पट्टी वापरायची तिथं वापरावी जिथं आधीच संशयाला जागा आहे, गाभडलेली गाय, वार अडकलेली गाय, तिच्या शेजारच्या गाई, आणि पॉझिटिव्ह आलेल्याचं सिरम पुढं पाठवावं.

पट्टीला मी कमी लेखत नाहीये. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा खात्रीसाठी नमुने भोपाळच्या लॅबला गेले. आजही खात्री मोठ्या लॅबचीच, पण जागेवर १५ मिनिटांत संशय कळला तर रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस आपण जनावर वेगळं बांधून ठेवू शकतो. माझ्यासाठी पट्टीची खरी किंमत ते दिवस आहेत. मी स्वतः एकदा वासरांना ब्रुसेलाची लस देताना सुई बोटात घुसवून घेतलीय, लसीतला जंतू जिवंत असतो म्हणून ३ आठवडे गोळ्या खाल्ल्यात, त्यामुळे ह्या रोगाची भीती मला पुस्तकातून कळलेली नाही.

सिन्नरचा गोठा:

अपडेट देतोय, उशीर झाला त्याबद्दल माफ करा. नाशिकला नेलं, आत गेल्या गेल्या गाईचं सांगितलं, डॉक्टरांनी पेन खाली ठेवून सगळं ऐकलं. रोज बेंगाल पॉझिटिव्ह, ट्यूब टेस्ट १:६४०. एक्स-रे आणि थुंकी टीबीसाठी निगेटिव्ह. कल्चरच्या फॉर्मवर लॅबवाल्या ताईंनी सांगितलं तसं मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. गोळ्या चालू करून आज १० दिवस झाले, परवापासून रात्रीची गोधडी कोरडी आहे. ६ आठवड्यांच्या तारखा कॅलेंडरवर आईनं लाल पेननं खुणा करून ठेवल्यात, येवल्याच्या ताईंचं तिला वाचून दाखवलं.

गाईचं सिरम औंधला गेलंय. व्यापारी दोनदा येऊन गेला, भाव पण बरा देत होता, नाना म्हणाले दुसऱ्याच्या पोरानं तिची वार काढायची का. मागच्या शेडमध्ये वेगळी बांधलीय, तिची धार शेवटी काढतो, हातमोजे घालून, आणि दूध सध्या घालतच नाही डेअरीला. घरचं दूध आई आता चांगली उकळी आणूनच घेते, आधी नाना धारोष्ण प्यायचे.

एकच विचारायचं राहिलं. धारा आईपण काढते आणि त्या रात्री कंदील धरून तीच शेजारी उभी होती. ताप नाही तिला, पण गुडघे दुखतात म्हणते, ते तसे आधीपासूनच दुखतात. उद्या तिचंही रक्त देतोय, फॉर्मवर गाईचं लिहूनच. गोठ्यात येणाऱ्या गड्याला पण घेऊन जाऊ ना सोबत?

लॅबवाली, गंगापूर रोड:

हो, त्यालाही आणा. आणि त्याला विचारा त्याच्या घरी शेळी आहे का.